टेकडीवरचा गरम डबा

"शंभर! शंभराला एक जरी कमी पडला ना, तर मागची खोली तुझी!"

हे उद्गार आमच्या यांचे. हातात चहाचा कप, पाय समोरच्या खुर्चीवर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की त्या शंभरातले नव्वद जण दाराबाहेर रांग लावून उभेच आहेत!

हे शंभर कोण, ते आधी सांगते. आमचे हे दिवसभर एका कार्यालयात जुन्या फायलींची राखण करतात आणि उरलेल्या वेळात हॅम रेडिओ करतात. म्हणजे रीतसर परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा आणि कुठल्या तरी दूरच्या, जन्मात न पाहिलेल्या माणसाशी बोलायचं. काय बोलायचं? हे विचारतात, "माझा आवाज कसा येतोय?" तो म्हणतो, "छान येतोय. माझा कसा येतोय?" हे म्हणतात, "तुमचाही छान येतोय." संपलं! याला संपर्क म्हणतात. तो वहीत लिहायचा आणि पुढचा माणूस धरायचा. गेली बावीस वर्षं हेच चाललंय. शेजारच्या खोलीतून बायकोने हाक मारली, तर ती मात्र यांना येत नाही. त्या लहरींसाठी यांच्याकडे अँटेनाच नाही!

हा सगळा पसारा आमच्या मागच्या खोलीत. आणि माझं शिलाई मशीन? ते फ्रिज आणि गॅस यांच्या मधल्या बोळात. मी कपडे शिवते, लोकांचे. मला कोणी शिकवलं नाही. जुने कपडे उसवून उसवून, कशाला काय जोडलंय ते बघत शिकले. कामाला नाव ठेवायला जागा नाही, पण स्वयंपाकघरात शिवायचं म्हणजे काय होणार? मागच्या वर्षी एका बाईंच्या नव्या कोटाच्या अस्तरात तमालपत्र शिवलं गेलं. बाई महिनाभर म्हणत होत्या, "कोट सुंदर झालाय हो, पण तो घातला की भूक फार लागते."

तर ती मागची खोली मला हवी होती. चांगला उजेड, मोठी खिडकी, कापड पसरायला पुरेशी जमीन! आणि आमचे हे स्वतःच्या तोंडाने ती पणाला लावत होते. मी ताबडतोब कापड बेतायचा कागद फाडला, त्यावर अट लिहिली आणि सही घेतली. साक्षीदार म्हणून यांच्या क्लबातल्या उरलेल्या दोघांचीही सही घेतली. 'उरलेल्या दोघांची' म्हणजे सबंध क्लबाचीच.

पहिले साक्षीदार म्हणजे सर. चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. चाळीस वर्षांत वर्गात त्यांना कोणी शंका विचारली नाही, त्यामुळे आपण कायम बरोबरच असतो अशी त्यांची समजूत झालीय. दुसरे दंतवैद्य. त्यांना समोरच्याच्या तोंडात हात घालून गप्पा मारायची सवय. उत्तर आलं नाही तरी त्यांचं काही अडत नाही.

वर्षातून एकदा, एका शनिवारी-रविवारी, सगळीकडचे असे क्लब आपापली यंत्रं घेऊन उघड्यावर जातात. शनिवारी दुपारी दोन ते रविवारी दुपारी दोन. तंबू ठोकायचा, गाडीच्या बॅटरीवर सेट चालवायचा आणि जास्तीत जास्त संपर्क करून दाखवायचे. यांचे शंभर ते हेच. उद्या मोठं संकट आलं, वीज गेली, फोन बंद पडले, तर जगाचा निरोप जगाला आम्हीच पोचवणार, त्याची ही तालीम म्हणे! ज्या माणसाला दूध आणायचा निरोप दिला तर तो दुधाच्या दुकानापर्यंत पोचत नाही, तो जगाचा निरोप पोचवणार!

मीही बरोबर गेले. एक तर तंबू मी शिवला होता. शिवाय मोजणी माझ्या डोळ्यांसमोर झालेली बरी. निघायच्या आधी मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेतलं, पडद्यासाठी. वेळ कशाला घालवा!

टेकडीवर पोचलो सकाळी नऊला. अँटेनाची तार कुठल्या झाडावर चढवायची, यावर चर्चा सुरू झाली. झाडं दोनच होती, तरी चर्चा साडेअकरापर्यंत चालली! मग दंतवैद्यांनी दोरीला वजन बांधून ते गलोलीने फांदीवरून पलीकडे फेकायचा चंग बांधला. पहिलं वजन गाडीच्या टपावर. दुसरं सरांच्या टोपीवर. तिसरं उकडलेल्या अंड्यांच्या डब्यात!

"दाढा काढताना तरी नीट नेम धरता ना हो भावोजी?" मी विचारलं.

"वहिनी, दाढ जागची हलत नाही," दंतवैद्य म्हणाले. "फांदी हलतेय."

शेवटी आमचे हे स्वतः झाडावर चढले आणि दोरी टाकून आले. शर्ट दोन ठिकाणी फाटला. शिवणार कोण, ते विचारू नका.

इकडे तंबूत सरांनी सेट टेबलावर मांडला आणि तपासायला घेतला. तपासताना एक डबा लागतो. ते लोक त्याला डमी लोड की काय म्हणतात. मी डबा म्हणते. रंगाचा जुना डबा, आत तेल, तेलात काहीतरी बुडवलेलं, आणि वर केबल लावायची जागा. सेट चालू करून बघायचा आहे पण आपला आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, अशा वेळी अँटेनाच्या जागी हा डबा जोडायचा. मग सेटवर कितीही घसा फोडा, सगळी शक्ती डब्यात जिरते. आवाज कुठेच जात नाही, तेल तेवढं गरम होतं. घरी अशी दोन-दोन तास तपासणी चालते, म्हणून मला माहीत. हिवाळ्यात मी त्याच्यावर मोजे वाळवते.

"सेट एकदम ठणठणीत!" सर टेबलाखाली डबा सारत म्हणाले.

तेवढ्यात तार वर गेली, तिची काळी केबल खाली तंबूच्या दारापर्यंत आली, आणि घड्याळात दोनला दोन मिनिटं कमी! तिघेही आत धावले.

"केबल जोडली ना?" यांनी विचारलं.

"जोडलेलीच आहे!" सर म्हणाले.

खोटं नव्हतं ते. एक केबल सेटला जोडलेली होती. ती डब्यात जात होती एवढंच!

मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बाहेर तंबूच्या दाराशी झटापट करत होते. वारा सुटला होता आणि दाराचं कापड आमच्या यांच्या मानेवर फटाफट बसत होतं.

"अगं, ते दार बांध की!" हे ओरडले.

"नाडी तुटलीय! कशाने बांधू?"

"वहिनी, पडलेली असेल ती दोरी घ्या, पण आता बोलू नका!" मागे वळूनही न बघता सरांनी हुकूम सोडला.

पडलेली एकच होती. काळी, जाड, दाराशीच वेटोळं करून बसलेली. मी तिने दार करकचून बांधलं. वर दुसरी गाठ. तिच्यावर तिसरी. माझं काम कधी कच्चं नसतं.

दोन वाजले. यांनी माइक तोंडाशी धरला, "सीक्यू, सीक्यू," म्हणून हाक घातली. म्हणजे आहे का कोणी? आणि सर एकदम किंचाळले, "मीटर बघा, मीटर! एकास एक!"

अँटेना सेटला किती मानवलीय, ते या मीटरवर दिसतं म्हणे. एकास एक म्हणजे शंभरपैकी शंभर गुण. असं कधीच होत नाही म्हणे. तिघांनी आळीपाळीने मीटरबरोबर फोटो काढून घेतले!

"दोन सेंटिमीटर जास्त कापा म्हणालो होतो की नाही?" सर म्हणाले. "हे गणित माझं!"

"तारेच्या सांध्यांचं डाखकाम माझं आहे, विसरू नका," दंतवैद्य म्हणाले. "हाताला दातांची सवय आहे म्हणून इतकं बारीक जमतं."

"आणि झाडावर कोण चढलं?" हे म्हणाले.

श्रेयासाठी तीन पोक्त माणसं शाळकरी पोरांसारखी ढकलाढकली करत होती. मी अंडी सोलत बघत होते.

"आणि शांतता बघा!" सर कानाला हेडफोन लावून डोलत होते. "शहरात किती खरखर असते. इथे एक टिपूस नाही! काय जागा निवडलीय!"

शांतता खरंच होती. तीन वाजेपर्यंत होती. चार वाजेपर्यंत होती. यांनी हाका मारल्या, दंतवैद्यांनी मारल्या, सरांनी मोर्सची कळ कडकट्ट कडकट्ट बडवली. वहीवर पेन ठेवून मी तयार बसले होते. वही नव्या नवरीसारखी कोरी!

"सूर्यावर डाग पडलेत," सर म्हणाले. "लहरी उलट परततच नाहीत."

"दोन डोंगरांमधली हवा," दंतवैद्य म्हणाले.

"चहाची वेळ आहे, लोक चहा पीत असतील," हे म्हणाले. जगभर एकदम!

चहावरून मला माझा कप आठवला. गार झाला होता. तो टेकवायला जागा शोधताना टेबलाखाली हात गेला आणि चटका बसला! डबा गरम. साधा कोमट नव्हे, मोजे वाळतील इतका गरम!

मी खाली वाकले. सेटमधून निघालेली केबल बघितली. ती सरळ डब्यात शिरत होती. मग मान वळवून तंबूच्या दाराकडे बघितलं. काळी, जाड दोरी. तीन गाठी. तिचं दुसरं टोक वर झाडावर.

लोकहो, कशाला काय जोडलंय हे बघण्यात माझं आयुष्य गेलंय. एका क्षणात सगळं उलगडलं. ही तीन विद्वान मंडळी दोन तास एका तेलाच्या डब्याशी बोलत होती! आणि डबा चोख ऐकून घेत होता. एकास एक!

मी सांगणारच होते. खरंच. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला तर या तंबूच्या कापडाचीच शंका येतेय. वहिनी, यात कुठे जरीबिरीचा धागा नाही ना? लहरी अडत असतील."

"शिवण दुहेरी आहे ना, तिने अडत असतील," दंतवैद्यांनी भर घातली.

आणि आमचे हे! बावीस वर्षांचा जोडीदार! हे म्हणाले, "तरी मी तिला म्हणालो होतो, तंबू विकतच आणू."

मी उघडलेलं तोंड मिटलं. कप डब्यावर ठेवला. पाच मिनिटांनी उचलला, चहा झकास गरम झाला होता. खिडकीचे पडदे आता फिकट पिवळे करावेत, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळपर्यंत माझं झकास चाललं. सरांनी हाका मारल्या की चहा तापे. दंतवैद्यांच्या पाळीत ब्रेडचे तुकडे शेकून निघाले. हे तर इतक्या कळवळून बोलत, की डब्यावर हात धरवेना! "वहिनींचं बरं आहे," दंतवैद्य म्हणाले, "इथेही गरम गरम खायला मिळतंय." चहा कुठे तापतोय, हे तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

रात्री मी गाडीत मस्त झोपले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी उठून बघते तर हे झाडाखाली एकटेच बसलेले. घसा बसलेला, डोळे लाल, फाटक्या शर्टातून खांदा बाहेर. सर आणि दंतवैद्य पलीकडे एकमेकांकडे पाठ करून दात घासत होते.

"किती झाले?" मी विचारलं.

"एकही नाही." हे जमिनीकडे बघत होते. "खोली तुझी. घरी गेलो की आवरून देतो."

"बरं," मी म्हणाले. आवाजात आनंद येऊ नये म्हणून मी फार जपले.

"आणि सेट सरांच्या जुन्या शाळेला देऊन टाकावा म्हणतो. मुलं खोलून बघतील, शिकतील."

"देऊन टाकणार? आणि मग तुम्ही संध्याकाळी काय करणार?"

"काय करायचंय?" हे हसले. असं हसू मी यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. "काल अख्खा दिवस हाका मारल्या गं. कोणी म्हणजे कोणी ओ दिली नाही. बावीस वर्षं मला वाटत होतं, मला बोलता येतं."

मला खोली हवी होती हो, यांचा आवाज नको होता असं थोडंच! शिवता शिवता भिंतीपलीकडून येणारं ते "माझा आवाज कसा येतोय" बंद झालं, तर मला टाके सुचणार नाहीत.

पण कबूल कसं करायचं? काल चारपासून माहीत होतं, हे सांगितलं असतं, तर मला त्या झाडालाच बांधलं असतं. मी नाटक करायचं ठरवलं.

तिघांना तंबूत बोलावलं. यांना म्हटलं, "एक शेवटची हाक मारा, चांगली दहा मिनिटं." यांनी मारली. मग मी कप डब्यावर ठेवला आणि किंचाळले, "अगंबाई! हा डबा गरम कसा हो?"

वाटलं, आता वीज चमकणार!

"ऊन लागलं असेल," सर म्हणाले. टेबलाखाली. सकाळी आठला!

"बॅटरी शेजारी आहे, तिची धग," दंतवैद्य म्हणाले.

"तुझाच गरम कप ठेवलास ना त्याच्यावर," हे म्हणाले.

कपाळाला हात मारावासा वाटला! तीन परवानाधारक माणसं, मिळून शंभर-सव्वाशे वर्षांचं शिक्षण, आणि डबा कशाने तापतो ते एकालाही सुचेना. मी हळूहळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "अहो, घरी हा डबा केव्हा तापतो?"

"घरी? घरी सेट तपासताना..." हे म्हणाले. आणि थांबले.

सर थांबले. दंतवैद्यांचं तोंड उघडं पडलं. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं इतकं मोठं उघडलं असेल. तिघे एकदम टेबलाखाली शिरले आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली!

"हे तुम्ही जोडलं होतंत!" हे सरांना म्हणाले.

"मी तपासायला जोडलं होतं! काढायचं तुम्ही!"

"मीटर एकास एक दाखवतोय म्हटल्यावर तरी कळायला नको?" दंतवैद्य ओरडले. "कुठली अँटेना एकास एक दाखवते?"

"कालचं डाखकाम कोणाचं होतं?"

"माझं नाही! मी अँटेनाला हातही लावला नाही!"

काल तिघांनी जिच्यासाठी फोटो काढून घेतले, ती अँटेना आज अनाथ झाली. शेवटी हेच भानावर आले. "भांडणं नंतर! आधी केबल! केबल कुठाय?"

मी दाराकडे बोट दाखवलं.

"ही गाठ कोणी मारली?" सर ओरडले.

"मी. तुम्हीच म्हणालात, पडलेली घ्या."

गाठ दवाने आवळली होती. सरांनी नखं मोडली. दंतवैद्यांनी खिशातून दातात घालायचा तो आकडा काढला आणि तंबूला पेशंट समजून गाठीत खुपसला. माझी तिहेरी गाठ! सुटायला मोजून दहा मिनिटं लागली.

केबल सेटला लावली आणि मीटर बघितला. एकास तीन! नापास! "हे गणित कोणाचं?" असं कोणीही विचारलं नाही. कारण त्याच क्षणी सेटमधून खरखर, शिट्ट्या, टकटक, माणसंच माणसं! आणि त्या गर्दीतून एक आवाज, समोरच्या टेकडीवरच्या क्लबाचा.

"अहो, काल दुपारपासून तुम्हाला हाका मारून दमलो! आम्हाला वाटलं, तुमचा तंबूच अजून उभा राहत नाहीये!"

"तंबू उत्तम आहे!" मी माइकच्या दिशेने ओरडले. सरांनी मला गप्प केलं. परवाना नाही म्हणे!

पुढचे काही तास कसे गेले, कळलं नाही. हे बोलत होते. बसलेल्या घशाने, फाटक्या शर्टात, "छान येतोय! माझा कसा येतोय?" आणि मी वहीत लिहीत होते. वीस. चाळीस. सत्तर. एक वाजता ऐंशी! मग मला काय झालं, कोण जाणे. मीच ओरडायला लागले, "अहो, त्या शिट्टीच्या बाजूला बघा, कोणीतरी बोलतंय! सर, सरका! भावोजी, बॅटरी बघा!" माझी खोली हातातून चालली होती, आणि मी जिवाच्या आकांताने ती देत होते. दोनला पाच मिनिटं असताना पंच्याण्णव. दोनला दोन मिनिटं असताना सत्त्याण्णव. हे अठ्ठ्याण्णवाव्याला हाक मारत होते तेव्हा सरांनी घड्याळ बघून हात वर केला.

संपलं.

मग आमचे हे खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "दहा मिनिटं. नुसती दहा मिनिटं आधी सुरू केलं असतं, तर झाले असते गं."

मी दाराच्या गाठीकडे बघितलं नाही. डब्याकडे तर मुळीच नाही.

"पण तुझ्यामुळे सत्त्याण्णव तरी झाले," हे म्हणाले. "तुझा हात त्या डब्याला लागला नसता, तर आम्ही शून्यावरच घरी गेलो असतो."

"खरंच! काय ती नजर!" सर म्हणाले.

शब्दाचे पक्के आहेत आमचे हे. पुढच्या रविवारी मागची खोली रिकामी करून दिली. मशीन खिडकीशी आलं, फिकट पिवळे पडदे लागले. आणि मशीनच्या बरोबर वर, भिंतीवर, क्लबाने मला दिलेलं प्रशस्तिपत्र लटकतंय. काचेच्या चौकटीत, तिघांच्या सह्यांसह. 'प्रसंगावधान आणि तत्पर निरीक्षणाबद्दल.' रोज शिवताना ते माझ्याकडे बघतं. मी मान वर करत नाही.

सेट? सेट शाळेला द्यायचा नाही, असं मीच ठणकावून सांगितलं. तेव्हा यांनी भीत भीत विचारलं, "मग आपल्या झोपायच्या खोलीत ठेवू? तुझ्या बाजूच्या टेबलावर? चालेल ना तुला?" प्रशस्तिपत्र मिळालेल्या बाईने काय उत्तर द्यायचं, सांगा! आता सेट माझ्या उशाशी आहे, तारा माझ्या कपाटावर आणि डबा माझ्या पलंगाखाली.

परवा संध्याकाळी हे तिथे बसून कळवळून हाका मारत होते. कोणी ओ देईना. मी कप ठेवायला वाकले, तर डबा गरम!

या वेळी मात्र मी मागचा धडा लक्षात ठेवून लगेच सांगितलं.

म्हणजे, चहा तापल्यावर लगेच.